श्वासाची जागा

१२ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. पत्र फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र. खुशाली विचारत नाही. तुझे गुडघे, तुझा नवा चष्मा, जावयाने पाठवलेल्या मिक्सरचा आवाज, सगळं तुझ्या लेकीकडून, टिटवीकडून, दर सोमवारी कळतं. एकच गोष्ट कळत नाही, आणि तीच विचारायला बसले आहे.

टिटवीला पाचवा महिना लागला हे तुला माहीत आहे. ती रोज सकाळी सातला माझ्याकडे गायला येते हेही माहीत आहे, जरी तू ते माहीत नसल्यासारखं वागतेस. गाण्याचा विषय निघाला की तू "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवतेस, असं ती सांगते. आठ वर्षं तुझं दूध उतू जातं आहे.

डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे. मी स्वतः बरोबर गेले होते. त्या म्हणाल्या, "गाऊ दे की. दम कोंडून धरायचा नाही, चक्कर आली की थांबायचं." मी विचारलं, "कितव्या महिन्यापर्यंत?" तर म्हणाल्या, "बाळ आतून टाळ्या वाजवेपर्यंत." डॉक्टरांनी विनोद करू नयेत असं माझं मत आहे.

१० एप्रिलला तिची मैफल ठरली आहे. पहिली मोठी. तीनशे खुर्च्यांचं सभागृह, आणि तिला आठवा महिना. पुढे ढकल म्हटलं तर म्हणते, "मावशी, बाळ झाल्यावर मला कोण विचारतंय? लोक बाळाला बघायला येतील." यात तथ्य आहे.

तूही आठव्या महिन्यात गायलीस, हीच पोटात असताना. त्यानंतर वर्षाच्या आत गाणं सोडलंस, आणि हे गावही. तेहतीस वर्षं झाली. लोकांनी आपापली कारणं लावली: संसार, नवऱ्याची बदली, माझ्याशी भांडण. माझ्याशी तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

मला कारण हवं आहे. या मुलीचं गाणं तुझ्या गाण्यासारखं जाऊ नये, एवढंच मला हवं आहे. ते तुझ्याहून मोठं होणार आहे. हे वाक्य खोडणार होते, पण खरं आहे म्हणून राहू देते.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. उत्तर न देणाऱ्या मुलींची मला सवय आहे.

टिटवीला आता जमिनीवर बसवत नाही. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीशी ठेवली आहे, तिच्यावर ती बसते, आणि मी मागे, खालीच, तानपुरा घेऊन. खाली लाँड्री आहे. तिथली वाफेची इस्त्री दर मिनिटाला फुस्स करते आणि ही म्हणते, "बघ मावशी, तीसुद्धा श्वास घेते." आवाज उतरला आहे. हार्मोनियमच्या काळी पाच पट्टीत गायची, आता पांढरी सहा, म्हणजे अर्धा सूर खाली. मूल खालून वर रेटतं, श्वासाला जागा उरत नाही. सोळा मात्रांची ओळ एका दमात जायची, ती आता नऊवर तुटते.

म्हणून मी भरते. तुला काय सांगायचं, हे काम मी तुझ्या पाठीमागे बसूनच शिकले. पुढची श्वासाला थांबली की मागचीने तोच सूर अलगद उचलायचा, ती परत आली की अलगद सोडायचा. ऐकणाऱ्याला शिवण दिसता कामा नये.

गुरुवारी माझी शिवण चुकली. खाली लाँड्रीवाला कोणावर तरी ओरडला, माझं लक्ष गेलं, आणि टिटवी थांबली त्या जागी मी आलेच नाही. सूर मात्र होता. तिने सोडला तिथूनच कोणीतरी तो धरला होता, आणि तिचा श्वास घेऊन होईपर्यंत धरून ठेवला. मला वाटलं, मीच गाते आहे, सवयीने. मग माझं तोंड बंद आहे हे लक्षात आलं.

तानपुरा नीट लागला की न छेडलेला सूरही ऐकू येतो, हे मी वर्गात मुलींना सांगत आले आहे. तसंच काहीतरी. तारा नव्या आहेत.

तरी एक विचारते. टिटवी जन्मली तेव्हा मी त्या खोलीच्या दाराबाहेर उभी होते. आतून रडणं ऐकू आलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन "सगळं ठीक" म्हणाले आणि निघून गेले. पुढे त्या न रडणाऱ्या पोरीला आपण गमतीने टिटवी म्हणायला लागलो. आत नेमकं काय झालं होतं?

धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

तारा नव्या असल्याचा मुद्दा मी मागे घेते.

तीन आठवडे मी पद्धतशीर तपासलं. खिडक्या बंद करून पाहिल्या. ती श्वासाला थांबायच्या क्षणी तारांवर तळहात दाबून तानपुरा मुका करून पाहिला. टिटवीने वळून विचारलं, "हात दुखतो का?" मी म्हटलं, हो. सूर तरीही होता. तिच्या फोनवर सकाळभराचं गाणं घेतलं आणि ती गेल्यावर ऐकलं. त्यात ती थांबते तिथे तानपुरा आहे, इस्त्रीची फुस्स आहे, दुसरं काही नाही. यंत्राला ऐकू येत नाही असं दिसलं, म्हणजे दोष माझ्या कानांचा. त्रेसष्टावं लागलं आहे. मला हे उत्तर आवडलं. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

शनिवारी तबलजी आला तालमीला. तुझ्या वेळच्या तबलजीचा मुलगा. उंची पाच फूट, तोंड सात फूट. बसण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन औषधाच्या मापाने मोजून पाण्याचा घोट तोंडात धरला, आणि पाऊण तास तसाच ठेवला. प्रयोग पुरा करायचा म्हणजे पुरा करायचा.

तालीम संपली. तबलजी घाम पुसत म्हणाला, "बाई, आज तुमचा आवाज काय लागलाय! वीस वर्षांच्या पोरीसारखा. खाता तरी काय?"

मी फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

"दाढ दुखतेय होय? दाढदुखीत असं गाता, मग दाढ काढू नका बाई, माझं ऐका!"

टिटवी हसली. वाकता येत नाही म्हणून मागे हात करून तिने माझ्या डोक्यावर थोपटलं. "मस्त भरलंस आज, मावशी."

मी मोरीत जाऊन पाणी मापात थुंकले. जेवढं घेतलं होतं तेवढं होतं.

आता ऐकतेस तर ऐक. तो आवाज पोटातून येत नाही. टिटवीने सूर जिथे सोडला तिथून, तिच्या तोंडापुढे वीतभर अंतरावरून येतो. शब्द नाहीत, नुसता सूर. लहान मुलाचा आवाज नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. लहान मुलाचा असता तर मी काहीतरी समजूत घातली असती. तो चुकत नाही. ती कुठे तुटणार हे त्याला तिच्या आधी कळतं. माझी शिवण कधीकधी दिसायची. याची दिसत नाही.

टिटवीला वाटतं मी गाते. मी तिला काही सांगितलेलं नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला बजावते. ते मला जमतं. सराव आहे.

धाकटी


८ मार्च

ताई,

चार दिवस हे पत्र लिहिते आणि टाकून देते आहे. आता एका बैठकीत लिहून टपालपेटीत टाकणार आहे.

तुझ्या त्या मैफलीच्या दोन दिवस आधी माझा घसा गेला होता. सर्दी नव्हे, आवाजच गेला होता, कुजबुज तेवढी निघत होती. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्या नाकात बोलणाऱ्या शिष्येला मागे बसवलं असतंस, आणि एकदा ती बसली की मला ती जागा परत मिळाली नसती. मी दिवसभर "मौन पाळते आहे, आवाज राखून ठेवते आहे" अशी पाटी लिहून फिरले. तू हसलीस. म्हणालीस, "बघा, शिस्त असावी तर अशी."

तुला आठवा महिना होता. दम पुरत नव्हता. मी मागे तानपुरा छेडत होते आणि देवा-धर्माला न मानणारी मी मनातल्या मनात विनवत होते की बाई, थांबू नकोस, कुठे तुटू नकोस. तू तुटलीस. आणि तुझा सूर कोणीतरी उचलला.

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मागे दुसरं कोणीच नव्हतं. मी ओठ हलवले.

दोन तास मी ओठ हलवत होते, ताई.

मैफल संपल्यावर आतल्या खोलीत तू खुर्चीत बसली होतीस, पाय सुजलेले, आणि विचारलंस, "तू गात होतीस ना?" तुझा चेहरा मला आज जितका स्पष्ट दिसतो तितका तेव्हा दिसला नव्हता. मी कुजबुजत्या आवाजात म्हटलं, "मग काय भूत गात होतं?" तू म्हणालीस, "घसा बसला वाटतं गाऊन गाऊन." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या आणि माझ्यावर सहा. "पाठीमागून आलेला तो निर्मळ सूर" असं लिहिलं होतं. त्या सहा ओळींवर मला पुढची दहा वर्षं कामं मिळाली. माझ्या शिष्या मिळाल्या. त्या सहा ओळी कापून मी वहीत चिकटवल्या होत्या. कालच फाडल्या. उशीर झाला, हे कळतं.

अजून एक. आठ वर्षांपूर्वी टिटवी शिकायला म्हणून या गावात आली, माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी टिटवी. आईला सांगू नकोस, पण मला गाणं शिकव." मी म्हटलं, सा लाव. तिने लावला. मी हातातला कप खाली ठेवला. तो आवाज मी आधी ऐकलेला होता. तिच्या जन्माच्या एक महिना आधी, दोन तास, तुझ्या तोंडापुढे वीतभर अंतरावर.

आठ वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. तिला शिकवत राहिले. शिकवण्यासारखं फार नव्हतंच.

आता मैफलीला एक महिना आहे. तुझं गाणं कशाने गेलं ते मला सांग. माझ्या खोटेपणाने गेलं असेल तर तसं सांग. मी सहन करेन. पण सांग.

धाकटी


२७ मार्च

ताई,

तुझा कागद मिळाला. मायना नाही, खाली सही नाही, पाठपोट एकच पान. मी तो इतक्यांदा वाचला आहे की आता न बघता लिहिता येतो. लिहितेच, म्हणजे मी नीट समजले की नाही ते तुला कळेल.

तू लिहितेस: "ती रडली नाही. नर्सने पायाला धरून उलटी केली, थोपटली, तरी नाही. श्वास चालू होता. डोळे उघडून ऐकत राहिली. खोलीतले सगळे बोलायचे थांबले, कारण आपण कोणाच्या तरी मध्येच बोलतोय असं वाटायला लागलं."

आणि पुढे: "चार महिन्यांनी मी गायला बसले. श्वासाला थांबले. तू मागे गायलीस. तो आवाज तो नव्हता. पण तूच होतीस असं तू सांगितलं होतंस, पेपरानेही सांगितलं होतं, म्हणजे बिघाड माझ्या कानात, नाहीतर डोक्यात. रोज बसायचे, एक ओळ गायचे, थांबायचे आणि वाट बघायचे. कोणी यायचं नाही. पाळण्यात ती जागी असायची. मग मी गाणं सोडलं. तुझ्यावर रागावले नव्हते. घाबरले होते. तू तेव्हा नाही म्हणाली असतीस, तर दोघी मिळून घाबरलो असतो."

क्षमा हा शब्द मी शाळेत इतक्या मुलींकडून वदवून घेतला आहे की तो मला आता वापरायला येत नाही.

कागद सोमवारी आला. मंगळवारी टिटवी गाऊन झाल्यावर खुर्चीतच बसून राहिली. एरवी लगेच उठून डब्यातलं काहीतरी शोधते. म्हणाली, "मावशी, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"मी थांबते तेव्हा तूच गातेस ना?"

तेच शब्द नव्हेत, पण तोच चेहरा, ताई.

मी म्हटलं, "नाही."

ती हसली. मग हसायची थांबली. मी तिला सगळं सांगितलं: पाण्याचा घोट, माझे हललेले ओठ, तू विचारलेला प्रश्न, माझं उत्तर, तुझा कागद. तुला न विचारता सांगितलं. अर्धा तास लागला. खाली इस्त्री फुसफुसत होती.

"म्हणजे आईच्या वेळी मी होते?"

"आवाज तुझा होता. त्यापलीकडे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही."

तिने पोटावर हात ठेवला. ठेवला आणि लगेच उचलला, गरम भांड्यावरून उचलावा तसा. मग पुन्हा ठेवला. "आणि आत्ता..."

"हो."

मी म्हटलं, मैफल रद्द कर. ती म्हणाली, "मैफल रद्द करता येईल. श्वास घेणं कसं रद्द करू? मी इथे गायले तरी ते येणारच ना?" मी म्हटलं, मग गाऊच नकोस, बाळ होईपर्यंत. नाहीतर नंतर आईसारखी वाट बघत बसशील. ती म्हणाली, "आईला कोणी सांगितलं नव्हतं. मला तू सांगितलंस. एवढा तरी फरक पडेल की नाही?"



निघताना दारात म्हणाली, "फक्त एक कर. मैफलीत तू गाऊ नकोस."

धाकटी


१२ एप्रिल

ताई,

मैफल झाली. तू आली नाहीस. येशील असं धरलं नव्हतं, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पाहून घेतलं.

पत्रिकेवर माझ्या नावापुढे फक्त "तानपुरा" छापायला लावलं होतं. बसलेही उजेडात, टिटवीच्या उजवीकडे जराशी मागे, सगळ्यांना माझं तोंड दिसेल अशी. ओठ घट्ट मिटून. तीनशे माणसांसमोर एक म्हातारी ओठ मिटून बसली आहे, हे काही फार शोभून दिसलं नसेल.

पहिल्यांदा ती थांबली तेव्हा फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा पहिल्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाने माझ्याकडे पाहिलं, मग लाउडस्पीकरकडे, मग स्वतःच्या खुर्चीखाली. तबलजीने मान वळवली. माझे मिटलेले ओठ पाहिले. त्याची एक मात्रा चुकली. त्याच्या घराण्यात दोन पिढ्यांत मी पहिल्यांदा मात्रा चुकलेली ऐकली.

मग सभागृहात कोणी खोकेना. तू म्हणालीस ना, मध्येच बोलतोय असं वाटायला लागलं, तसं. माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. दाराशी उभा असलेला कामगार हळूच आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

पण मी तुला लिहिते आहे ते यासाठी नाही. मी मागून टिटवीची पाठ बघत होते. श्वास कसा घ्यायचा हे मीच तिला शिकवलं आहे, पाठ बघून मला कळतं. सुरुवातीला ती दोन मात्रा थांबायची, श्वासापुरती. मग चार. मग विलंबितात पूर्ण आवर्तन, बारा मात्रा. तिची पाठ भरलेली होती, ताई. श्वास घेऊन झाला होता. ती गाऊ शकत होती आणि गात नव्हती. मान थोडी खाली घालून ऐकत होती. मंचावर तीन माणसं, तिघांची तोंडं बंद, आणि सूर चालू. शेवटी तर असं झालं की ती एक ओळ गाई, ती फक्त पुन्हा थांबता यावं म्हणून.

मला भीती वाटली ती आवाजाची नव्हे. त्याची सवय झाली आहे. मला तिच्या पाठीची भीती वाटली.

टाळ्या फार उशिरा पडल्या. गाडीतून उतरताना तबलजी म्हणाला, "बाई, ती दाढ..." आणि तबल्याची पिशवी उचलून निघाला. आजच्या पेपरात लिहिलं आहे की गळ्याने साथ करणाऱ्या गुणी कलावंताचं नाव पत्रिकेवर नव्हतं, हा आयोजकांचा अक्षम्य हलगर्जीपणा. मी तो पेपर लाँड्रीवाल्याला कपडे गुंडाळायला दिला.

धाकटी


१६ मे

ताई,

फोनवर तुला जावयाने सांगितलंच आहे. मुलगी. तीन किलो. दोघी बऱ्या आहेत. जावई दाराबाहेर उभा राहून इतका घामाघूम झाला होता की नर्सने आधी त्यालाच पाणी दिलं.

त्याने जे सांगितलं नाही ते मी सांगते, कारण या वेळी मी खोलीत होते. टिटवीने हट्ट धरला आणि डॉक्टरीणबाईंनी विनोद न करता परवानगी दिली.

ती रडली नाही. अंगाने गुलाबी, छाती हलते आहे जेमतेम, डोळे उघडे, आणि ऐकते आहे. डॉक्टरीणबाई थोपटत होत्या. नर्सच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तू लिहिलं होतंस अगदी तसं, कोणाला बोलवेना.

मग टिटवी गायली. गायली म्हणजे काय, तिच्यात होतं काय उरलेलं. एक सूर लावला, धाग्याएवढा. लावला आणि दम संपला म्हणून थांबली. आम्ही सगळे त्या मुलीकडे बघत होतो.

तिने तोंड उघडलं. खोल श्वास आत घेतला, मला दिसला, बरगड्या वर आलेल्या दिसल्या. आणि रडली. कर्कश, फाटकं, इतकं बेसूर रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई रडल्या, नर्स हसली, मी भिंत धरून उभी होते.

टिटवी हसलीही नाही आणि रडलीही नाही. तिने मुलीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "गेलं."

मी तिला म्हटलं, मुलगी धडधाकट आहे, ते बघ. ती म्हणाली, "बघतेय, मावशी." आणि खरंच बघत होती. माझं बोलणं मलाच उगाच वाटलं.

धाकटी


२ जुलै

ताई,

पंधरा दिवसांपूर्वी टिटवीने पुन्हा गायला सुरुवात केली. डॉक्टरांना विचारून. मुलीला टोपलीत घालून आणते, टोपली खिडकीशी, आणि स्वतः आता खाली बसते. आवाज पुन्हा वर गेला आहे, काळी पाच. दम परत आला आहे. सोळा मात्रांची ओळ एका दमात जाते. सगळं जागच्या जागी आहे.

एक ओळ गाते आणि थांबते.

पहिल्या दिवशी मी भरलं. त्रेसष्टाव्या वर्षातला गळा, पण शिवण दिसू दिली नाही. ती वळली आणि फार मायेने म्हणाली, "मावशी, तू नको." ओरडली असती तर मी सहन केलं असतं.

तिला सगळं माहीत आहे. कोणी येणार नाही हे माहीत आहे, तुला काय झालं हे माहीत आहे. माहीत असण्याने फरक पडेल असं तिला वाटलं होतं. एवढाच पडला की ती घाबरत नाही. थांबते मात्र तितकीच. परवा मी घड्याळ लावलं. एका ओळीनंतर ती चार मिनिटं बसून होती. सप्टेंबरमध्ये ठरलेली मैफल तिने काल फोनवरून सोडली. "सध्या जमणार नाही," म्हणाली, दूध उतू जातंय अशा आवाजात.

आणि ती मुलगी. एरवी इतर मुलांसारखीच आहे, रडते, झोपते, टोपली भिजवते. पण आई श्वासाला थांबली की टोपलीतली हालचाल थांबते. मी वाकून पाहिलं. ती आईकडे बघत असते. तोंड उघडते, जीभ टाळूला लावते, गळा हलतो. काही येत नाही. कपाळाला आठी पडते, एखादा शब्द आठवेनासा झाल्यावर मोठ्या माणसाच्या पडते तशी. मग आई मान खाली घालते, आणि ही तोंड मिटते. रोज सकाळी हे माझ्यासमोर चालतं आणि मी तानपुरा छेडत असते.

म्हणून आता मी तुला प्रश्न विचारत नाही. काम सांगते आहे.

पाळण्यात ऐकलेल्या त्या तुटक ओळी सोडल्या तर टिटवीने तुझं गाणं बाहेरून कधी ऐकलेलं नाही. तेहतीस वर्षं तू तिच्यासमोर गुणगुणलीसुद्धा नाहीस, असं ती सांगते. भांडी घासताना एकदा सूर निघाला तर नळ मोठा सोडलास म्हणे. पण नऊ महिने तिने फक्त तुलाच ऐकलं. तू कुठे तुटतेस हे तिला तुझ्या आधी कळायचं. माझं भरणं तिला परकं वाटतं, कारण ते परकंच आहे. तुझं वाटणार नाही. हे मी सिद्ध करू शकत नाही. विज्ञानाच्या बाईने असं लिहू नये. लिहिते आहे.

तुझा गळा राहिला नसेल, मला माहीत आहे. बंदिश गायची नाही, ताना घ्यायच्या नाहीत. दोन मात्रांपुरता एक सूर धरायचा आणि ती परत आली की सोडायचा. तो कापरा निघाला तरी चालेल. तुझ्या पाठीमागे बसायची जागा मी खोटं बोलून राखली होती. आता मागची जागा मी तुला देते. मी पलीकडे खुर्चीवर बसेन आणि तोंड उघडणार नाही, हे तुला माहीत आहेच की मला जमतं.

मी हे लिहिते आहे ते तिला सांगितलेलं नाही. तू आली नाहीस तर तिला काही कळणार नाही.

गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, आता लिफ्ट लागली आहे. भीती वाटत असेल तर घेऊन ये. इथे एक माझीही आहे, दोघी मिळून घाबरू.

तेहतीस वर्षांपूर्वी तू जिची वाट बघत बसायचीस, ती रोज सकाळी सातला माझ्या खोलीत येते, एक ओळ गाते, आणि थांबते.

तुझी धाकटी